उतरलेला ताप

एकदा एका तांबटाच्या दुखण्याला गावच्या वृद्ध वैद्यांचा शिष्य अगदी कंटाळून गेला. तापाची साथ ओसरून दीड वर्ष झाले होते. धोंडो तांबट त्या साथीतून वाचला होता, तरी दर आठवड्याला येऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसे. थकवा जात नाही, चार पावले चढ आला की दम लागतो, हातोडा कशासाठी उचलला तेच आठवत नाही, अशा त्याच्या तक्रारी. शिष्य नाडी पाही, ती ठीक असे. जीभ पाही, तीही स्वच्छ. एके दिवशी त्याचा संयम सुटला. सगळ्या रोग्यांदेखत तो म्हणाला, "धोंडोबा, तुमचा ताप केव्हाच उतरला. आता उरलाय तो आळस."

धोंडो ओट्यावरून उठून गेला.

वृद्ध वैद्यांनी हे आतून ऐकले. त्यांनी शिष्याला बोल लावला नाही. आठ दिवस धोंडोच्या घरी राहून त्याच्या हाताखाली भांडी ठोक, एवढेच सांगितले. इतके शास्त्र शिकून हातोडा धरायचा, ही कसली शिक्षा, असे पुटपुटत शिष्य गेला.

पाचव्याच दिवशी तो बैलगाडी घेऊन परतला. गाडीत धोंडोची बायको आवडाबाई होती. धोंडो वीस ठोके मारून भिंतीला टेकतो आणि उरलेले सारे काम ही बाई करते, हे त्याने पाहिले होते. ती लंगडते हे तिसऱ्या दिवशी लक्षात आले. आज तिने पायाचे फडके सोडले, तेव्हा दोन बोटे काळी पडलेली दिसली. तिला जुना मधुमेह होता. साथीत दवाखाना तापाच्या रोग्यांनी भरून गेला, तेव्हा तिचे औषध सुटले. पुढे नवरा अंथरुणाला खिळला आणि ते सुटलेलेच राहिले.

"हिला तर साथ लागलीसुद्धा नव्हती," शिष्य चिडून म्हणाला. "आणि दीड वर्षात एका शब्दाने बोलली नाही. काय म्हणावं या लोकांना?"

जखम धुता धुता वैद्यांचा आवाज चढला. "लोकांना कशाला? धोंडो दीड वर्ष सांगत होता, त्याचं आपण खरं मानलं नाही, शेवटी आळशी ठरवलं. ते बघून ही कशाला येईल? साथ संपली असं आपण म्हणालो, कारण आपण तिला कंटाळलो होतो. रोग तसं म्हणाला नव्हता. काहींच्या अंगात तो ताप उतरल्यावरही राहतो. काहींना शिवतसुद्धा नाही, आणि तरी त्यांचा घास घेतो." मग ते हळू आवाजात म्हणाले, "ही माझी रोगी होती. येईनाशी झाली, तेव्हा मीसुद्धा चौकशी केली नाही."

आवडाबाईची बोटे गेली, पाय वाचला. धोंडोला पूर्ण बरे करील असे औषध आपल्याकडे नाही, हे वैद्यांनी त्याला स्पष्ट सांगितले आणि काम व विसावा यांचा क्रम आखून दिला. वर्षभरात तो वीस ठोक्यांवरून चाळिसांवर आला.

शिष्य त्याची क्षमा मागायला गेला, तेव्हा धोंडो म्हणाला, "तुमचं काय चुकलं? अलीकडे मलासुद्धा वाटायला लागलं होतं, की मी आळशीच आहे."

रोग्याचे दुखणे आपल्याला सापडले नाही, तर निदान त्याचा स्वतःवरचा विश्वास तरी आपण काढून घेऊ नये.