खाराच्या पाण्यातला तांदूळ

त्या दिवशी ऊन असं कडक, की म्हाळू परटाची धोतरं दोरीवर टाकेपर्यंत वाळत होती. तेवढ्यात त्याचा शेजारी, राजवाड्यातला गोंदू आचारी, घाम पुसत घाटावर आला. घाम काही उन्हाचा नव्हता!

"म्हाळूदादा, मेलो! कोठारातल्या तीन पोत्यांच्या खुणा पुसल्या. तांदूळ दिसायला तिन्ही सारखे. उद्या महाराजांच्या सासूबाई येणार, तोंडात एक दात नाही! मऊ शिजणारा तांदूळ कोणता, ते ओळखायचंय."

"मग शिजवून बघ की!"

"महाराज हट्टाला पेटलेत! म्हणतात, शिजवून कोणीही सांगेल. चूल पेटवायची नाही, दाणा चावायचा नाही. चुकलास तर राज्याबाहेर चालता हो!"

म्हाळूनं हातातलं धोतर सावकाश पिळलं. "तिन्हीतला मूठ मूठ आण."

धुण्यासाठी राख आणि चुना कालवून निवळलेलं खाराचं पाणी त्याच्याकडे होतंच. ते त्यानं तीन वाट्यांत ओतलं, प्रत्येकीत पाच-सात दाणे टाकले, आणि वर झाकण ठेवून तो पुन्हा धुण्याला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं वाट्या घेऊन दरबारात गेले. पहिल्या वाटीतले दाणे जसेच्या तसे. दुसरीतले नुसते फुगलेले. तिसरीतले मात्र विरघळून पिंजलेल्या कापसासारखे पसरलेले!

"हाच मऊ शिजणार, महाराज," म्हाळू म्हणाला.

"कशावरून?"

"खारात जो लवकर विरघळतो, तो चुलीवरही लवकर मऊ पडतो. घरी तांदूळ धुताना चार दाणे शेजारच्या खाराच्या मडक्यात पडतात, बाकीचे चुलीवर चढतात; दोन्हीकडचं रोजच बघतो मी. आता पेटवा चूल!"

चूल पेटली. तिन्ही भात शिजले. सासूबाईंनी तिसऱ्याचे तीन घास नुसत्या हिरड्यांनी संपवले आणि चौथा मागितला!

महाराज मिशीला पीळ देत म्हणाले, "पण काय रे, कपडे धुणाऱ्याला भातातलं काय कळतं?"

"का नाही कळणार? तुमच्या अंगरख्याला खळ भाताच्या पेजेचीच असते. महाराज भात खातात एकदा, पण अंगावर घालून हिंडतात दिवसभर!"

महाराज असे हसले, की अंगरख्याची खळ कडकड वाजली! गोंदूची चाकरी राहिली, आणि म्हाळूला ते मऊ तांदळाचं अख्खं पोतं मिळालं.

पोतं पाठीवर घेऊन दोघं घराकडे निघाले, तेव्हा गोंदू म्हणाला, "दादा, भात तरी मलाच शिजवू दे हं! तू शिजवायला बसलास, तर महाराज मला धुणं धुवायला धाडतील!"