निळी ज्योत

“...आणि सगळ्या वर्गादेखत ती विचारते, सर, कोळसा जळताना थोडा तरी कार्बन डायऑक्साइड होतोच. नुसता मोनॉक्साइड झालेला कोणी बघितलाच नाही, तर त्याची निर्मिती एन्थाल्पी, म्हणजे तो तयार होतानाची उष्णता, मोजली कोणी?”

शार्दूल देवकाते अजून धापा टाकत होता. रागाच्या भरात मठाच्या पायऱ्या तो दोन-दोन करून चढला होता.

सोपानबुवा शेंगा सोलत बसले होते. मठात येण्याआधी तीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. गाव त्यांना बुवा म्हणे, शार्दूल मात्र सरच म्हणे. विद्यापीठात पहिला आलेला हा त्यांचा लाडका विद्यार्थी आता त्यांच्याच जागी शिकवत होता.

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, पुस्तकात छापलंय, पाठ कर. उणे एकशे दहा पूर्णांक पाच.”

“आणि ती?”

“खाली बसली.”

बुवांच्या हातातली शेंग हातातच राहिली...

“कोण रे ही?”

“मुलाण्यांची जास्मिन. फार शहाणी समजते स्वतःला.”

“हं... चल आत. उपाशी दिसतोस.”

स्वयंपाकघरात भागूमावशी भाकऱ्या थापत होती. बुवांनी तिला शेगडीवरचा तवा जरा उतरवायला सांगितलं. लालभडक निखाऱ्यांवर एक निळी ज्योत थुईथुई नाचत होती.

“हे निळं काय जळतंय?”

शार्दूल वाकून बघू लागला. अशी ज्योत त्याने आजीच्या चुलीपासून शेकडो वेळा बघितली होती.

“मोनॉक्साइड,” तो हळूच म्हणाला. “खाली अर्धवट जळून तयार होतो, वर हवा मिळाली की पेटतो. म्हणजे... घडताना तो एकटा सापडत नाही, पण जळताना सापडतो. जळतानाची उष्णता मोजता येते!”

“मग मांड की.”

शार्दूल उकिडवा बसला. जमिनीवर राख पसरून बोटाने भराभर लिहू लागला. कोळसा पुरता जळून डायऑक्साइड झाला, की मोलमागे तीनशे त्र्याण्णव पूर्णांक पाच किलोज्यूल बाहेर पडतात. मोनॉक्साइड जळून तोच डायऑक्साइड झाला, की दोनशे त्र्याऐंशी. त्याने तोऱ्यात बेरीज ठोकली आणि मोठ्याने वाचली. सहाशे शहात्तर पूर्णांक पाच.

त्याच्या कपाळाला आठी पडली.

“हे एवढं कशाचं, मास्तर?” मावशीने विचारलं.

“कोळसा अर्धवट जळताना जी धग निघते ना मावशी, तिचा हिशेब.”

“आणि पुरता जळला की?”

“तीनशे त्र्या...”

“अगं बया! अर्धवट जळलेल्याची धग पुरत्या जळलेल्याहून जास्त? मग मी कशाला मेली निखारे फुंकत बसते?”

बुवा इतके हसले, की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. शार्दूल कानापर्यंत लाल झाला. मग त्यालाही हसू आवरेना.

त्याने बेरीज पुसली, पुरत्या जळण्याच्या उष्णतेतून मोनॉक्साइड जळतानाची वजा केली. अर्धवट जळण्याची तेवढी उरली. एकशे दहा पूर्णांक पाच. उष्णता बाहेर पडलेली, म्हणून उणे.

आठ वर्षं हा आकडा त्याला पाठ होता. आज पहिल्यांदा तो त्याच्या बोटाखालून उमटला होता. राखेत बसलेला सुवर्णपदकवाला पोरासारखा खूश होऊन त्या आकड्याकडे बघत राहिला... आणि मग त्याला मुकाट्याने खाली बसलेली जास्मिन आठवली.

“सर... तिचा प्रश्न बरोबर होता.”

बुवांनी त्याच्यासमोर ताट सरकवलं.

“उद्या तिला नीट समजावून सांगतो,” शार्दूल उत्साहाने म्हणाला. “आधी कोळसा, मग मोनॉक्साइड, मग वजाबाकी. सगळं फळ्यावर मांडतो...”

बुवांनी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

“खडू तिला दे,” ते म्हणाले. “तू बाकावर बस.”