परसातल्या सप्ताळूचा वसा

ऐका परसाई, परसातल्या आई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, डोंगराच्या कुशीत वसलं होतं, थंडी अशी की पौषात हंड्यातल्या पाण्यावर साय धरावी. तिथं एक माळी होता, त्याचं नाव धोंडाजी. त्याची बायको भिवरा. घरात म्हातारी आई ठकूबाई. दारी फुलं, परसात भाजी, खायला-ल्यायला काही कमी नाही. उणं एकच होतं. पाळणा रिकामा होता.

भिवरेला पहिलं मूल झालं, ते पाचवीच्या आत गेलं. मग दुसरं झालं, ते सहाव्या दिवशी गेलं. मग तिसरं झालं, ते बारशाच्या आदल्या दिवशी गेलं. त्या नगराची रीत मोठी कठीण. बारशाआधी गेलेल्या पोराला नाव नाही, पिंड नाही, रडणं नाही. बापानं फडक्यात गुंडाळून ओढ्याकाठी न्यावं, आईनं भिंतीकडे तोंड करून बसावं. रडली तर पुढची कूस रागावते, असं म्हणत. तीनदा धोंडाजी फडकं घेऊन गेला, तीनदा भिवरा भिंतीकडे तोंड करून बसली. सासू म्हणे, "रडायचं नाही हं, सूनबाई. आलं तसं गेलं." भिवरा रडली नाही. सकाळी उठावं, सडा घालावा, फुलं खुडावी, अंगात दूध दाटलं की चोळी पिळून वाळत घालावी. आता तुम्हीच सांगा बायांनो, हे काय जगणं झालं?

मग काय झालं? माघाचा महिना होता, भिवरा विहिरीवर पाणी शेंदत होती. तिथं एक म्हातारी आली. अंगावर विटकं लुगडं, पायांत काही नाही. म्हणाली, "बाई बाई, पाणी पाज." भिवरेनं तिच्या ओंजळीत धार धरली. म्हातारी प्यायली, निवाली. मग म्हणाली, "बाई बाई, तुझे डोळे असे कोरडे का?" भिवरेनं पोहरा विहिरीत सोडला. "तुझं तोंड असं कोरडं का?" भिवरेनं दोर ओढला. "तुझी ओटी अशी कोरडी का?" तेव्हा भिवरा बोलली, "आजीबाई, तीन आली, तीन गेली. एक मूल जगावं, एवढंच माझं मागणं आहे."

म्हातारीनं कनवटीची एक कोय काढून तिच्या हातावर ठेवली. "ही सप्ताळूची कोय. पण सप्ताळूच्या सालीला लव असते, हिच्या फळाला नाही. गुळगुळीत साल, एक गाल पिवळा, एक गाल लाल. परसात लाव आणि त्याचा वसा घे."

"कसला वसा, तो मला सांगा."

"सांगेन, पण मधेच सोडशील."

"सोडणार नाही आजीबाई, धरला तो धरीन."

मग म्हातारी म्हणाली, "पौषात पानं गळाली की झाड आपल्या हातानं छाटावं. फाल्गुनात फूल आलं की हळदकुंकू वाहावं. चैत्रात फळं बोराएवढी झाली की एका वितीवर एक ठेवावं, बाकीची आपल्या हातानं काढावी. गड्याला सांगू नये, माळ्याला सांगू नये. काढताना मुकं राहू नये. काढलेली बुंध्याशी पुरावी. राहतील ती पिकतील. पहिलं शेजारच्या लेकराला द्यावं, मग आपण खावं." एवढं बोलली आणि दिसेनाशी झाली.

भिवरेनं कोय लावली. पहिल्या वर्षी झाड गुडघ्याएवढं झालं, दुसऱ्या वर्षी कमरेएवढं झालं, तिसऱ्या वर्षी डोक्याच्या वर गेलं. चौथ्या फाल्गुनात फुललं. अंगावर पान नाही आणि फूल मावत नाही, असं गुलाबी फुललं. त्याच फाल्गुनात भिवरेला पाचवा महिना होता. ठकूबाईनं दोघांची दृष्ट काढली, झाडाचीही आणि सुनेचीही.

मग चैत्र आला. फळं धरली, एकेका डहाळीवर तीन-तीन, चार-चार, खांद्याला खांदा लावून. भिवरा टोपली घेऊन गेली. पहिल्या दिवशी फांदी धरली, तशीच सोडली, परत आली. दुसऱ्या दिवशी देठाला बोट लावलं, देठ मऊ लागला, परत आली. तिसऱ्या दिवशी एक फळ चिमटीत धरलं. ते गार होतं, गुळगुळीत होतं, तिला तिसऱ्या बाळाची टाच आठवली. तिनं टोपली तिथंच टाकली. म्हणाली, "कोवळं काढून नेतात म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. पोटात जीव असताना मी कोणाचं कोवळं तोडणार नाही."

सासूनं विचारलं, "काढलीस का ग?" "काढली, आत्याबाई." नवऱ्यानं विचारलं, "वितीवर एक ठेवलंस ना?" "ठेवलं." दारच्या तुळशीनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिलाही हेच सांगितलं असतं. धोंडाजी तर जातीचा माळी, त्याला का दिसत नव्हतं? पण पोटुशी बायकोला काय बोलावं? त्यानं फांद्यांना दोन टेकू लावले.

गल्लीतल्या बाया बघायला आल्या. म्हणाल्या, "काय लगडलंय ग तुझं झाड!" भिवरा हसली. कितीक वर्षांनी हसली, तेवढं तरी तिच्या वाट्याला आलं.

मग वैशाखात वळवाचा वारा सुटला. लगडलेल्या फांद्या खाली ओढू लागल्या. झाड मधोमध चिरलं, एक अर्ध इकडे पडलं, एक अर्ध तिकडे पडलं. हिरवी फळं परसभर झाली. भिवरा धावली, पदरानं चीर बांधू लागली. ती काय पदरानं बांधली जाते? दुसऱ्या दिवशी तिला कळा आल्या. सातव्या महिन्यात मुलगी झाली. मुठीएवढं तोंड, रडण्याचं बळ नाही. तीन दिवस भिवरेनं तिला उराशी धरली. तिसऱ्या दिवशी ती निवली.

धोंडाजीनं फडकं आणलं. ठकूबाई म्हणाली, "भिंतीकडे तोंड कर, सूनबाई." भिवरेनं तोंड केलं नाही. ती उठली, ओली बाळंतीण, कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली आणि परसात गेली. चिरलेल्या खोडाशी तीच म्हातारी बसली होती.

भिवरा म्हणाली, "ऊठ म्हातारे. आधी तुझं झाड तोडते. वसा मी मोडला, तर माझे हात मोडायचे होतेस. माझी पोर का नेलीस?"

म्हातारीचे डोळे भरले. म्हणाली, "लेकी, मी नाही नेली. मी नेणारी नव्हे. झाड ओझ्यानं मोडलं. पोर अपुऱ्या दिवसांची होती, म्हणून गेली. ह्याची गाठ त्याला मारू नको. तशी मारून जी सांगेल, ती माझी कहाणी खोटी सांगते."

"मग वसा कशाला दिलास? कोवळी मारायला?"

"मारायला नाही ग. तुझी तिन्ही तुझ्या हातून दुसऱ्यांनी काढून नेली. तुला ओंजळीत घेऊ दिलं नाही, निरोप घेऊ दिला नाही, हाक मारू दिली नाही. जीव देणं माझ्या हाती नाही. बसून रडायला एक जागा देता येत होती, ती दिली. हाक मारायची होतीस."

"हाक कशी मारू? त्यांना नावं नव्हती."

"नव्हती?"

भिवरेच्या हातातली कुऱ्हाड गळाली. "होती," ती म्हणाली. "थोरल्याचं हैबती. मधलीचं चंद्रा. तिसऱ्याचं बाजी. आणि हिचं मैना." एवढं म्हणाली आणि मातीत बसून हंबरडा फोडला. ठकूबाई मागोमाग "गप, गप" करत आली, सुनेच्या तोंडावर हात ठेवायला वाकली, पण हात पुढे गेला नाही. भिवरेनं वर पाहिलं तर म्हातारी नव्हती. त्या दिवशी ओढ्याकाठी धोंडाजी एकटा गेला नाही, भिवरा लेकीला स्वतः उचलून घेऊन गेली.

मग दिवस गेले. बुंध्याला डोळा फुटला, डोळ्याची फांदी झाली. तिसऱ्या वर्षी पुन्हा फूल आलं, पुन्हा फळ धरलं. चैत्रात भिवरा टोपली घेऊन गेली. एकेक फळ काढलं, ओंजळीत धरलं, नाव घेतलं, बुंध्याशी पुरलं. डोळे वाहत होते, पण वितीवर एकच ठेवत गेली.

ठकूबाई मागल्या दारात उभी राहून बघत होती. ती हळूच आली आणि हात पुढे केला. "सूनबाई, दोन मला दे."

"कशाला, आत्याबाई?"

"माझी दोन होती. धोंड्याच्या आधीची. दोन गेली म्हणून तर ह्याला धोंडा म्हटलं, दगड समजून तरी काळानं टाकून द्यावा."

धोंडाजी पाणी घालत होता, त्याच्या हातातली घागर तशीच राहिली. त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ठकूबाईनं दोन फळं ओंजळीत घेतली. पहिलं पुरलं, म्हणाली, "सखू." दुसरं हातातच राहिलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. पुन्हा हलले, पुन्हा आला नाही. तिसऱ्यांदा ती सुनेकडे वळली. "सूनबाई, नाव आठवत नाही ग. मनात ठेवलं होतं. चाळीस वर्षं तोंडातून काढलं नाही, ते गेलं." आणि लहान पोरीसारखी रडू लागली.

भिवरेनं तिला पोटाशी धरलं. म्हणाली, "आत्याबाई, आज ठेवू." घरातून गूळ आणला, हळदकुंकू आणलं, गल्लीतल्या बायांना हाक मारली. त्या आल्या, बुंध्याभोवती बसल्या. ठकूबाईनं ओंजळीतल्या फळाला कुंकू लावलं आणि मोठ्यानं म्हणाली, "यशवंता." असं चाळीस वर्षांनी त्या पोराचं बारसं झालं. मग एक शेजारीण उठली, म्हणाली, "मलाही एक द्या." मग दुसरी उठली. मग तिसरी उठली. टोपलीत एक फळ राहिलं नाही.

ज्येष्ठात झाडावरची पिकली. पहिलं शेजारच्या लेकराला दिलं, मग घरच्यांनी खाल्लं.

बाया मला विचारतात, पुढे भिवरेला मूल झालं का? कोणी सांगतात, सात झाली. मला जिनं ही कहाणी सांगितली तिनं हे सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. परसाई, जशी भिवरेच्या जिवाची कोंडी फुटली, तशी तुम्हांआम्हां सगळ्यांची फुटो. ज्यांचे पाळणे हलते आहेत ते हलते राहोत. ज्यांचे थांबले, त्यांच्या मुखी आपल्या लेकराचं नाव शेवटपर्यंत राहो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरी, डोळे पुसून, सुफळ संपूर्ण.