बारशाला कुणी आलं नाही

एका राज्यात दोन घंटा होत्या. एक राजवाड्याची, एक देवळाची. पहाटे कोणती आधी वाजावी यावरून भांडण, म्हणून दोन्ही एकदम वाजत, आणि माणसांना एकही धड ऐकू येत नसे.

राजवाडा आणि देऊळ यांच्या मधल्या शिवेवर सोन्याचे हंडे पुरलेले होते. त्यांवर एक जखीण बसलेली. जखीण म्हणजे धन राखणारी बाई, ना मेलेली, ना जिवंत. राजा म्हणाला, "हंडे माझे." महंत म्हणाला, "हंडे देवाचे." दोघांनी कुदळी आणवल्या. जखिणीची झोप मोडली. ती म्हणाली, "राज्यातली लेकरं ज्याची, धन त्याचं. बघू तर खरं, कुणाची निघतात." आणि तिनं शाप दिला.

तेव्हापासून जन्मलेलं मूल डोळे उघडीना, रडेना. दूध बोटानं ओठावर सोडावं, तर थेंब आत जाई, बाकी गालावरून ओघळे. बारशाच्या दिवशी आत्यानं कानात कुर्र करून "राजाचं" म्हटलं, की डोळे उघडत; पण दोन्ही मुठी आवळल्या जात, त्या कायमच्या. "देवाचं" म्हटलं, की डोळे उघडत. पण दोन्ही हात जोडले जात, तेही कायमचे. आणि काहीच म्हटलं नाही, तर दिवस मावळताना मूलही मावळून जाई.

मुठीच्या लेकरांना आईचं बोट धरता येत नव्हतं. जोडल्या हातांच्या लेकरांना आईचा पदर धरता येत नव्हता. राजा मुठी मोजून घेई, महंत जोडलेले हात मोजून घेई. लोकांना सवय झाली. सवय काय, कशाचीही होते.

त्या राज्यात केवडा नावाची बाई होती. तिचा नवरा रणोजी राजाच्या दारावर भाला घेऊन उभा राही. रणोजीची मोठी बहीण भागाक्का देवळातला दिवा राखी. केवड्याला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी पाळण्याच्या एका बाजूला नवरा, एका बाजूला नणंद.

"मी राजाचं मीठ खातो," रणोजी म्हणाला. "मुलगी राजाची."

"तू रांगत होतास तेव्हापासून मी दिव्यात तेल घालते," भागाक्का म्हणाली. "मुलगी देवाची."

"वन्सं," केवडा म्हणाली, "हिची हनुवटी तुमच्यावर गेलीय. बघितलीत का?"

भागाक्कानं बघितली नव्हती. रणोजीनंही नाही. दोघं भांडत भांडतच आपापल्या कामाला गेली. "संध्याकाळी ठरवू," म्हणाली.

आढ्यावर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "बसलीस काय, बाई? दोघं दोन्हीकडून दोरी ओढतायत. पाळणा तुटायचा अशानं."

"मग काय करू?"

"जिनं गाठ मारली तिला विचार."

केवड्यानं मुलीला पदरात बांधलं आणि ती शिवेवर गेली. जखीण हंड्यांवर पाय पसरून बसली होती. केस जमिनीत रुजलेले.

"तीन कामं आहेत," जखीण म्हणाली. "भाला खाली ठेवायला लावून बापाला आण. दिवा सोडायला लावून आत्याला आण. दोघांतल्या एकानं जरी येऊन हिच्या कानात हिचं स्वतःचं नाव सांगितलं, तरी माझा शाप मी गिळीन."

"आणि तिसरं काम?"

"ते विचारायची वेळ तुझ्यावर न येवो."

केवडा राजवाड्याच्या दारी गेली. "अहो, भाला घटकाभर भिंतीला टेकवा. शिवेपर्यंत चला. लेकीच्या कानात नाव सांगायचंय."

"आत्ता? राजाची स्वारी निघायची आहे."

"भाला ठेवला तर डोकं उडवतील?"

रणोजीनं मागं दाराकडं बघितलं. "उडवतील असं नाही," तो म्हणाला. "पण पहाऱ्याचे नाईक बघतील."

केवडा देवळात गेली. "वन्सं, दिवा घटकाभर कुणाच्या हाती द्या. नाव सांगायचा मान तुमचाच आहे."

"दिव्याला वारा लागला तर देव कोपेल."

"कुणी दुसरी पदर आड धरेल की."

"आणि पुण्य तिला जाईल!" भागाक्का म्हणाली. मग मऊ आवाजात, "तू शहाणी आहेस केवडे. समजून घे."

केवडा परत शिवेवर आली. ऊन डोंगराला टेकलं होतं. पदरातल्या मुलीचे पाय गार पडत चालले होते. तिनं ते चोळले, फुंकर घातली, पुन्हा चोळले.

"कुणी आलं नाही," ती म्हणाली.

"दिसतंय. मग तिसरं काम ऐक. तुझ्या कनवटीला काय आहे?"

कनवटीला राजाच्या शिक्क्याचा तांब्याचा तुकडा होता. तो दाखवला की कोठारातून घरात धान्य येई.

"आणि गळ्यात?"

गळ्यात देवाचा ताईत होता. आईनं बांधलेला. बाळंतकळा आल्या तेव्हा केवड्यानं तोच मुठीत धरला होता.

"दोन्ही इथं ठेव," जखीण म्हणाली. "नवऱ्यावर चिडलीस, नणंदेला मनातल्या मनात शिव्या दिल्यास. आता तुझा हात कसा चालतो ते बघू."

केवड्याचा हात चालेना. डोळ्यांपुढं रिकामी चूल आली. तिनं तांब्याचा तुकडा खाली ठेवला, तर तो मातीत जिरून गेला. मग ताईताच्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना, आईनं घट्ट मारली होती. तिनं दातानं तोडली.

"देवा," ती म्हणाली, "रागावलास तर माझ्यावर रागाव. हिच्यावर नको."

ताईत मातीत गेला.

"नाव आत्यानं सांगायचं असतं," ती घाबरून म्हणाली. "आईनं सांगितलेलं चालतं का?"

"आजवर कुणी करून बघितलंय?"

केवडा वाकली. मुलीच्या कानात तिनं कुर्र केलं आणि हळूच नाव सांगितलं. नुसतं नाव. कुणाची, ते नाही.

मुलीनं डोळे उघडले. ओठ वाकडे केले, रडली, आणि आईचं बोट गच्च धरलं.

त्याच क्षणी राज्यातल्या साऱ्या आवळलेल्या मुठी उघडल्या. सारे जोडलेले हात सुटले. घराघरांतून लेकरांनी पदर ओढले, केस ओढले, भांडी पाडली. जखिणीचे केस मातीतून सुटले. ती उठली, आळस दिला आणि वाऱ्यात निघून गेली.

हंडे आपोआप वर आले. राजा आणि महंत एका मांडवाखाली बसले आणि जेवणाची पानं मांडून होईतो हंडे निम्मे निम्मे वाटून मोकळे झाले. मग विडे खाल्ले.

"एवढंच होतं?" मांडवाच्या बांबूवरून साळुंकी म्हणाली. "मग त्या मावळलेल्या लेकरांचं काय?"

"उडवा रे तिला," दोघं एकदम म्हणाले.

दवंडी पिटली, राजाच्या प्रतापानं शाप गेला. देवळात कीर्तन झालं, देवाच्या कृपेनं शाप गेला. घंटा पाळीपाळीनं वाजू लागल्या. राज्य सुरळीत झालं.

रणोजी नवा भाला घेऊन घरी आला. भागाक्का प्रसादाचे पेढे घेऊन आली. दोघं पाळण्यावर वाकली.

"खरंच की," भागाक्का म्हणाली, "हनुवटी माझीच. नाव काय ठेवलंस गं?"

"सांग ना," रणोजी म्हणाला. "बाप आहे मी."

केवडा दळत होती. शेजारणीकडून आणलेलं पसाभर धान्य होतं. ती जात्यावरून उठली नाही.

"ती बोलायला लागली की तिलाच विचारा," ती म्हणाली. "सांगावंसं वाटलं, तर सांगेल."

मुलगी मोठी झाली. चालू लागली, बोलू लागली, दोन वेण्या घालून अंगणात खेळू लागली. बाप तिला "ए पोरी" म्हणून हाक मारतो. आत्या "अगं ए" म्हणते. दोघं दारात उभं राहून कितीतरी वेळ हाका मारतात.

मुलगी मागं वळून बघत नाही.