लाल पेटी आणि पिवळी खाच

एका बाजारगावात गेनू नावाचा एक मिस्त्री राहत होता. राहत होता म्हणायचं आपलं, कारण घरात तो सापडेल तर शपथ! पायाला नुसती भिंगरी. सकाळी पिठाच्या गिरणीवर, दुपारी गुऱ्हाळात, संध्याकाळी कुणाच्या तरी विहिरीवरच्या इंजिनाशी. हाताला मात्र गुण होता. बंद पडलेलं यंत्र गेनूने हाताळलं की कुरकुरत का होईना, चालू व्हायचं.

त्याची हत्यारं गोणपाटात गुंडाळलेली असत. गोणपाटाला भोक पडलं आणि वाटेत पाने, पकडी गळायला लागल्या, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एक चांगली पेटी घ्या की! हत्यारं म्हणजे आपलं पोट. पोट असं रस्त्यावर सांडत जाता होय?"

म्हणून गेनू बाजारात हौसाक्काकडे गेला. हौसाक्का पत्र्याच्या पेट्या करायची आणि चार गोष्टी ऐकवल्याशिवाय एकही विकायची नाही. तिने दोन पेट्या पुढे ठेवल्या. एक लालभडक, खोल, पितळी कडीची. दुसरी करडी, साधी. तिच्या आत लाकडी फळी होती आणि फळीत नमुन्यादाखल पान्याच्या, पकडीच्या, हातोडीच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या. प्रत्येक खाचेचा तळ पिवळा रंगवलेला होता.

"पत्रा दोन्हीचा सारखाच, हत्ती बसला तरी वाकायचा नाही," हौसाक्का म्हणाली. "फरक आहे तो पोटात. करडीत प्रत्येक हत्याराला स्वतःचं घर आहे. तुझी हत्यारं ठेवून जा, मापाने खाचा कोरून देते. पुढच्या बाजाराला ये."

"पुढच्या बाजाराला?" गेनू उभ्या उभ्याच चुळबुळत म्हणाला. "आणि मग रोज एकेक पाना त्याच्या घरी पोचवत बसू? हत्यारं आहेत का व्याही, मानानं बसवायला? ही लाल द्या. उघडली, टाकलं, मिटली!"

"घे बाबा. पण ध्यानात ठेव, ही सगळं गिळते आणि गिळलं का नाही ते सांगत नाही."

गेनूने ऐकलं कुठे! तो पेटी खांद्यावर टाकून गेलासुद्धा.

चार दिवस मजेत गेले. मग एकदा गिरणी दुरुस्त करून तो घरी आला, जेवायला बसला आणि घास हातातच राहिला. मोठा पाना पेटीत टाकला का? की गिरणीतच राहिला? त्याने पेटीत हात घातला. हाताला पकड लागली, तारा लागल्या, खिळे टोचले, पाना काही लागेना. झालं! ताट तसंच सोडून पठ्ठ्या धावला. गिरणी थांबवली, झाकण उघडलं, बायकांचं दळण खोळंबलं. आत काहीच नव्हतं. घरी येऊन पेटी उलथी केली, तर पाना तळाशी!

पुढे हे रोजचंच झालं. गुऱ्हाळ थांबव, इंजिन थांबव, आणि पाना आपला पेटीच्या बुडाशी निवांत. लोक त्याला 'थांबवा मिस्त्री' म्हणायला लागले. तो लांबून दिसला की पोरंटोरं ओरडायची, "थांबवा, थांबवा!" गेनूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायको म्हणायची, "तुमच्या जिवाला काही स्वस्थता आहे का नाही?" नव्हतीच. झोपेतसुद्धा त्याचा हात काहीतरी चाचपत असायचा.

अशात गावची जत्रा आली. जत्रेत मोठा आकाशपाळणा आला, पण त्याचं इंजिन नीट चालेना. पाळणेवाल्याने गेनूला बोलावलं. गेनूने पत्र्याचं झाकण काढून दातेरी चाकं घट्ट बसवली, हत्यारं भराभर पेटीत टाकली आणि झाकण लावलं. पाळणा झोकात फिरायला लागला.

गेनूची सगुणा आठ वर्षांची. वर्षभर तिने एकच धोसरा लावला होता, आकाशपाळण्यात बसायचं. बापाने दुरुस्त केलेला पाळणा म्हटल्यावर काय विचारता! ती ऐटीत जाऊन बसली. एकेक पाळणा भरत गेला, तशी ती वर वर सरकत गेली.

खाली पेटी उचलता उचलता गेनू थबकला. मोठा पाना!

त्याने पेटीत हात घातला. पकड, तारा, खिळे. त्याने पेटी तिथेच मातीत पालथी केली. हत्यारांचा ढीग पडला, पण ढिगात काय आहे ते दिसत होतं, काय नाही ते दिसेना. त्याने ढीग विसकटला, परत विसकटला. ओरडायला तोंड उघडलं, एवढ्यात मागून कुणीतरी खिदळलं, "आले बघा थांबवा मिस्त्री!"

गेनूचं तोंड मिटलं. इतक्या वेळा थांबवलं, एकदा तरी निघाला का? असेल इथेच कुठेतरी. आज भरल्या जत्रेत, पोरीसमोर हसं कशाला करून घ्या?

पाळणेवाल्याने शिट्टी फुंकली. पाळणा फिरला. एक फेरा झाला, दुसरा झाला, आणि झाकणाखालून असा काही खडखडाट आला की वाजंत्री बंद पडली. पाळणा हिसका देऊन थांबला. सगुणाचा पाळणा पार वर, टोकाला, वाऱ्यावर डुलत राहिला. वरून पोरांच्या किंकाळ्या, खालून आयांचा आकांत.

गेनूने झाकण उचकटलं. दोन चाकांच्या दातांत त्याचाच मोठा पाना अडकला होता, वाकून पार धनुकली झाला होता.

गावातल्या गड्यांनी दोर टाकून पाळणा धरला. गेनूने पाना ठोकून काढला. मग हातानेच चाक फिरवत एकेक पाळणा खाली आणला. सगुणा खाली आली तेव्हा तिच्या ओठांतलं रक्त पळालं होतं. गेनूने तिला उचलून उराशी धरलं.

ती हळूच म्हणाली, "बाबा, मला वरून तुम्ही दिसत होतात. पेटीत काय शोधत होतात?"

खोटं बोलावं असं त्याला वाटलं, पण जीभ वळली नाही. "पाना शोधत होतो, बाळा."

"मग ओरडला का नाहीत?"

"लोक हसतील म्हणून."

सगुणाने त्याच्या मानेभोवतीचे हात सोडले आणि ती आईकडे गेली. गेनूला वाटलं, त्यापेक्षा चारचौघांत चपलेने मारलं असतं तरी बरं!

पुढच्या बाजाराला तो हौसाक्काच्या दारी जाऊन बसला. हो, बसला! सगळी हत्यारं तिच्यापुढे मांडून म्हणाला, "अक्का, यांना घरं करून द्या. लागेल तेवढा थांबतो."

हौसाक्काच्या तोंडावर टोमणा आला होता, पण त्याचा चेहरा पाहून तिने तो गिळला आणि ती कोळशाने एकेका हत्याराभोवती रेघ ओढायला लागली.

करडी पेटी घरी आली. रोज दिवेलागणीला सगुणा तिच्यासमोर बसायची आणि विचारायची, "बाबा, सगळे घरी आले?" फळी भरलेली असली की झाकण तीच लावायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "पकड नाही आली." खरंच, पकडीच्या जागी पिवळा तळ लखलखत होता. गेनूने चहाचा पेला खाली ठेवला, सरळ दुपारी दुरुस्त केलेल्या गिरणीवर गेला आणि म्हणाला, "दादा, गिरणी सुरू करू नका, माझी पकड आत आहे." गिरणीवाला हसला नाही. पकड खरोखर आतच होती.

घरी येऊन त्याने ती सगुणाच्या हातात दिली. तिने ती खाचेत बसवली, झाकण लावलं आणि बापाच्या गळ्यात हात टाकले. गेनू ओसरीवर पाय पसरून बसला. बायको आतून म्हणाली, "अगंबाई, आज बसलात?"

आता मात्र खुशाल म्हणा, त्या गावात गेनू मिस्त्री राहत होता.

तात्पर्य: पेटी अशी घ्यावी जिच्यात काय नाही तेही दिसेल. आणि मनात शंका आली, तर लोक हसले तरी चालतील, पण यंत्र फिरायच्या आधी ओरडावं.