कातर आणि मोहरीएवढं भिंग

रोग कशानं येतो हे कुणालाच दिसत नव्हतं, त्या काळची गोष्ट. ठकूबाई सुईणीच्या पेटीत नाळ कापायची कातर होती. तिच्या शेजारी मोहरीएवढं एक भिंग नुकतंच राहायला आलं होतं. एका परदेशी व्यापाऱ्यानं ते दिलेलं.

एके सकाळी बाळंतपणाचं बोलावणं आलं. चुलीवर आंघोळीचं पाणी उकळत होतं. ठकूबाई पेटी उघडी टाकून हळद आणायला आत गेली.

भिंग घाबरून म्हणालं, "कातरताई, तुमच्या पात्यावर काहीतरी वळवळतंय!"

"गप रे! कालच मला पदरानं पुसलंय. तोंड दिसतंय माझ्यात."

"त्या पदरावरही तेच वळवळतंय. अन् गेल्या महिन्यात तीन बाळं बारशाआधीच गेली म्हणे."

"तो सटवाईचा कोप. माझा काय संबंध?"

"एकदाच माझ्यातून बघा."

कातरीनं बघितलं. चकचकीत पात्यावर वळवळणाऱ्या बारीक जिवांची जत्रा भरली होती. तिनं विचारलं, "ती तिन्ही बाळं... माझ्यामुळं?"

"त्या उकळत्या पाण्यात मात्र काहीच वळवळत नाही," भिंग म्हणालं.

धार जाईल म्हणून कातर क्षणभर अडली, मग तिनं उकळत्या पाण्यात उडी घेतली.

ठकूबाई परतली. "अगंबाई, ही इथं कशी पडली?" म्हणत तिनं चिमट्यानं कातर बाहेर काढली. पात्यावर आता काहीच हलत नव्हतं. भिंगानं सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात ओली कातर पुसायला ठकूबाईनं पदर हातात घेतला.

भिंगाला डोळे मिटता येत नाहीत.