हणमंताची हजार झाडं

एका गावात एक भोळा विद्यार्थी होता. गावाबाहेरच्या माळावर विद्यापीठ होतं आणि तो तिथे शिकत होता. म्हणजे तसा त्याचाही समज होता आणि विद्यापीठाचाही. त्याचं नाव हणमंत.

हणमंताला कुणी काही सांगितलं की तो ते करायचा. आता विद्यापीठात सांगितलेलं करतंय कोण? त्यामुळे तो लगेच सगळ्यांच्या डोळ्यांत भरला.

विद्यापीठात एक हरित कक्ष होता. त्याच्या प्रमुख हसबनीस मॅडम. मुलांना पर्यावरणाच्या चांगल्या सवयी लावायच्या, हे कक्षाचं काम. त्यासाठी ‘प्लास्टिक टाळा’ असं लिहिलेले प्लास्टिकचे मोठाले फलक जागोजागी टांगले होते. ‘कागद वाचवा’ अशी पत्रकंही सगळ्यांना भरपूर वाटली होती. कक्षात नाव घातलं की वसतिगृहात खोली मिळायची, म्हणून कक्षात नावं पुष्कळ होती. काम करायला एकटा हणमंत.

त्या खोलीवर हणमंताचा फार जीव होता. घरी दोन खोल्यांत आठ माणसं. इथे त्याला स्वतःची खाट होती, स्वतःची खिडकी होती. खोली गेली की शिक्षण संपलं. मग वडील त्याला मामाच्या पिठाच्या गिरणीवर बसवणार होते. मामाने भीतीपोटी गिरणीच्या पट्ट्याभोवती आत्ताच कठडा बांधून घेतला होता.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, “हणमंत, खोलीत माणूस नसेल तर तिथलं बटण बंद करायचं.”

“बरं मॅडम.”

हणमंत निघाला. रिकाम्या वर्गांतले दिवे बंद केले, पंखे बंद केले. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आला. माणूस एकही नाही आणि कोपऱ्यात एक पेटी खुशाल घरघरतेय. हणमंताने तिचंही बटण बंद केलं. ती अंडी उबवायची पेटी होती. पिल्लं दुसऱ्या दिवशी बाहेर यायची होती. ती आली नाहीत.

मॅडमनी कपाळावर हात मारला. “अरे, बंद करण्याआधी आत जीव आहे का ते बघायला नको? जीव असेल तर हात लावायचा नाही!”

हणमंत खजील झाला. त्याला पिल्लांचं खरंच वाईट वाटलं.

“चुकलं मॅडम. पुढच्या टायमाला ध्यान ठेवतो.”

पुढची वेळ लवकरच आली.

वसतिगृहाच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. मोटर चालूच. हणमंत धावत गेला, बटणावर बोट ठेवलं आणि थांबला. आत जीव आहे का ते बघायचं होतं. शिडी चढून टाकीत डोकावला. आत एक बेडूक होता. बेडकाने हणमंताकडे बघितलं, हणमंताने बेडकाकडे बघितलं.

“ऱ्हाऊ दे बाबा तुझं चालू,” म्हणत हणमंत खाली उतरला.

पाणी गच्चीवरून अंगणात आलं, अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून ग्रंथालयाच्या पडवीत. तिथे ‘पाणी वाचवा’ या विषयाचं चित्रप्रदर्शन मांडलेलं होतं. ते तरंगलं.

“हणमंत, तू मोटर का नाही रे बंद केलीस?”

“आत जीव होता मॅडम.”

मॅडमनी त्याला समोर उभं केलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “काही वाहताना दिसलं की खाली बादली लावायची. बादली भरली की झाडाला घालायची. समजलं? आणि आता एकदा जरी घोळ घातलास ना, तर खोली सोडायची.”

“समजलं मॅडम. पुढच्या टायमाला बादलीच.”

तेव्हापासून तो बादली घेऊनच फिरू लागला. वर्गात बादली, जेवताना बादली.

एकदा मॅडमनी त्याच्या हाती कुलगुरूंच्या दालनात एक फाइल पाठवली. आत बैठक चालू होती. कागदी कप बंद करावेत की नाही, यावर सकाळपासून चर्चा झडत होती आणि त्या चर्चेत बरेच कागदी कप संपले होते. दारापाशी शिपाई किटलीतून चहा ओतत होता. हणमंताने ती धार पाहिली. वाहतंय! त्याने धारेखाली बादली धरली. शिपायाला वाटलं, कप बंद व्हायचा ठराव झाला वाटतं. त्याने सगळी किटली बादलीत रिकामी केली.

दालनाच्या कोपऱ्यात एक उंच, हिरवंगार झाड होतं. आल्यागेल्याला ते दाखवून कुलगुरू म्हणायचे, “हे मी स्वतःच्या हाताने वाढवलंय.” हणमंताने बादली त्या झाडाला घातली.

चहा पानांवरून कुंडीत आला, कुंडीतून गालिच्यावर आला आणि गालिच्यावरून कुलगुरूंच्या बुटांपर्यंत. झाड प्लास्टिकचं होतं.

आरडाओरडा ऐकून मॅडम धावत आल्या आणि त्याला ओढतच बाहेर घेऊन गेल्या. त्यांच्या आवाजात रडू होतं.

“अरे, झाड खरं की खोटं एवढं तरी बघायचं होतंस!”

“ते कसं बघत्यात मॅडम?”

“ओढून बघ! मूळ नसेल तर खोटं! नुसतं उपटून येतं ते!”

“बरं मॅडम. आन् खोली?”

“खोलीचं परवा बघू. उद्या समिती यायची आहे.”

समिती हरित विद्यापीठाचा पुरस्कार देणारी होती. तिला पाठवलेल्या अहवालात लिहिलं होतं की विद्यार्थ्यांनी माळावर हजार झाडं लावली आणि मुलांसारखी जपली. झाडं लावली होती हे खरं. जपायचं राहून गेलं होतं. माळावर आता नुसते खड्डे होते आणि खड्ड्यांत ‘कागद वाचवा’ची पत्रकं उडून पडलेली होती.

कुलगुरूंनी माळ्याला बोलावलं. माळी मोठा हुशार. वसतिगृहामागच्या जुन्या, डेरेदार कडुलिंबावर तो चढला आणि छान पालेदार डहाळ्या तोडतोडून त्याने खाली टाकल्या. दुपारपासून संध्याकाळपर्यंत एकेका खड्ड्यात एकेक डहाळी उभी राहिली. शिडी हणमंतानेच धरली होती. लांबून बघितलं की माळ कसा हिरवागार! कडुलिंब तेवढा बोडका झाला.

“सकाळी उठून झाडांना पाणी घाल,” मॅडम म्हणाल्या. “आणि हणमंत, बाबा रे, नीट बघून घाल.”

हणमंत उजाडताच बादली घेऊन माळावर गेला. पहिल्या झाडापाशी वाकला. पाणी घालणार तोच त्याला आठवलं. त्याने झाड ओढून बघितलं. ते हातात आलं. मूळ नाही.

“खोटं,” हणमंत म्हणाला.

दुसरं ओढलं. “हेबी खोटं.” तिसरं ओढलं. हणमंत काम अर्धवट सोडणारा नव्हता.

मॅडम आल्या तेव्हा माळावर डहाळ्यांच्या नीट बांधलेल्या मोळ्या रचल्या होत्या. मधोमध घामाघूम हणमंत समाधानाने उभा होता.

“समदी बघितली मॅडम. एकबी खरं न्हाई. कुणीतरी फसवलंय आपल्याला!”

मॅडमना तोल सावरायला मोळीचा आधार घ्यावा लागला. तेवढ्यात फाटकाकडून मोटारींचा आवाज आला.

“हणमंत! समिती आली! हे सगळं जिथलं होतं तिथे परत लाव! आत्ताच्या आत्ता! एक जरी राहिलं तरी तुझी खोली गेली म्हणून समज!”

“जिथलं होतं तिथं?”

“जिथलं होतं तिथे!” मॅडम ओरडल्या आणि समितीला थोपवायला पळाल्या.

त्यांनी समितीला उपमा खायला घातला. शिरा खायला घातला. कुलगुरूंनी स्वागताचं भाषण इतकं लांबवलं की समितीतल्या एकाला डुलकी लागली. शेवटी अध्यक्ष उठले. हातातलं, लाल फीत बांधलेलं रोप सांभाळत म्हणाले, “चला, तुमच्या हजार झाडांत माझंही एक लावू या.”

सगळे माळावर आले. माळावर खड्डेच खड्डे.

“झाडं कुठायत?” अध्यक्षांनी विचारलं.

कुलगुरूंनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आभाळाकडे बघितलं. आणि आभाळाकडे बघता बघता त्यांना वसतिगृहामागचा कडुलिंब दिसला. कालचा बोडका कडुलिंब आज पुन्हा निम्मा हिरवा झाला होता. शेंड्यावर हणमंत बसला होता. तोंडात सुतळी, बगलेत मोळी. एकेक डहाळी तो तिच्या तिच्या खुंटावर बांधत होता.

समिती झाडाखाली जाऊन उभी राहिली.

“मॅडम!” हणमंत आनंदाने वरून ओरडला. “जिथली तिथं लावतोय बगा! निम्मी झाली! एकबी ऱ्हाऊ देत न्हाई! खोली ऱ्हाईल न्हवं माझी?”

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात हणमंताला अध्यक्षांच्या हातातलं रोप दिसलं. पाहुणा माणूस रोप घेऊन ताटकळत उभा राहिलेला त्याला बरं वाटेना. तो भराभर दोन फांद्या खाली उतरला आणि अदबीने हात पुढे करून म्हणाला,

“द्या सायेब. तुमचं कुठल्या फांदीला बांधू?”